छत्तीस आणि सदतीस नंबरची घरे

पास्कल हे नाव शाळेत आपल्या कानावरून दोन-तीनदा तरी जाते. दाबाचे एकक म्हणून, द्रवाच्या दाबाच्या नियमात, आणि गणिताचे सर हौशी असतील तर एका त्रिकोणाच्या नावात. वादळाच्या बातम्यांत 'हेक्टोपास्कल' येते तेही त्याच्याच नावाचे. आणखी एक पास्कल आहे, संगणकाची भाषा. तो मला सत्तरी ओलांडल्यावर भेटला आणि तोही संगणकावर नाही, तर पत्त्यांच्या जोडाएवढ्या एका निळ्या बोर्डावर. आज त्याच्याविषयी. तांत्रिक शब्द येतील, पण घाबरू नका. मी मराठी माध्यमातली बी.ए., जन्मभर मराठी शिकवलेली बाई. मला जे कळले ते तुम्हाला कळायला काहीच हरकत नाही.

हा निळा बोर्ड म्हणजे 'अर्डुइनो उनो'. इटलीतल्या इव्रेया गावी, डिझाईन शिकणाऱ्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्सची भीती वाटू नये म्हणून २००५ मध्ये अर्डुइनोची सुरुवात झाली. 'उनो' हा त्याचा २०१० चा अवतार. त्यावर खेकड्यासारखे पाय असलेली एक काळी चिप असते, एटमेगा ३२८पी. हाच मायक्रोकंट्रोलर. म्हणजे एका चिपेत सगळा संसार: हिशेब करणारा भाग, स्मरण, आणि बाहेरच्या जगाशी बोलायला पायऱ्या, नव्हे, पाय. कार्यक्रम ठेवायला जागा ३२ किलोबाइट, आणि काम करताना आकडे लक्षात ठेवायला फक्त २ किलोबाइट. युनिकोडमधले एक देवनागरी चिन्ह साधारण तीन बाइट खाते, म्हणजे या लेखाचा एखादा लांबलचक परिच्छेदसुद्धा त्यात मावणार नाही. वॉशिंग मशीन, रिमोट, वजनकाटा, सगळ्यांच्या पोटात ह्याच जातीची चिप असते. आपल्या खान्देशात तर शेतकऱ्याला ती फार जवळची. रात्रीची लाइट आली की मोटर चालू करायला बॅटरी घेऊन, साप-विंचू सांभाळत मळ्यात जाणे ज्यांनी केले आहे त्यांना ऑटो स्टार्टरचे मोल सांगायला नको. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी मोबाईलवरून मोटर चालू-बंद करणारे 'नॅनो गणेश' तयार केले आणि २००९ मध्ये नोकियाच्या स्पर्धेत त्याला मोठे बक्षीस मिळाले, ते उगाच नाही.

तर हा बोर्ड आमच्या घरी नातवामुळे आला. त्याच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे (नीती आयोगाची ही योजना २०१६ पासूनची). सुट्टीत त्याने बोर्ड घरी आणला आणि त्यावरचा बारीक दिवा लुकलुकवून दाखवला. सगळ्यांनी कौतुक केले. मी चष्मा लावून पडद्यावरचा कार्यक्रम वाचायला घेतला आणि एका ओळीवर बोट ठेवून विचारले, "ही ओळ काय करते रे?"

"आजी, ती तशीच असते."

आता तुम्ही शिक्षक असाल तर या वाक्याने काय होते ते सांगायला नको. कवितेचा अर्थ विचारल्यावर गाईडमधला उतारा म्हणून दाखवणारी मुले मी तीस-पस्तीस वर्षे ऐकली. पोर हुशार आहे, कार्यक्रम चालतोही, पण तो त्याने नेटवरून उतरवून घेतलेला. मधल्या कुठल्याही शब्दाशी त्याची ओळख नाही. अर्डुइनोवर चालते ती भाषा सी++ घराण्यातली, आणि नवशिक्याला त्रास नको म्हणून तिच्यात तयार शब्द घालून ठेवलेले. 'तेरा नंबरचा पाय उंच कर' म्हटले की दिवा लागतो. का लागतो ते झाकलेले. सोय आहे, नाही म्हणत नाही. पण मला झाकण काढून बघायचे होते.

पुण्याला आमचा एक पुतण्या आहे, नव्वदीच्या दशकातला इंजिनिअर. त्याला फोन केला. तो म्हणाला, "काकू, तुम्ही पास्कलमध्ये करून बघा. आम्ही तीच शिकलो. ती भाषा वाचता येते."

'वाचता येते' म्हटल्यावर माझे कान टवकारले. मग मी त्या भाषेचा इतिहास शोधून वाचला, आणि तो मला त्या दिव्याहून जास्त आवडला.

निकलाउस विर्थ हे झुरिकच्या तंत्रविद्यापीठातले (ईटीएच) प्राध्यापक. जन्म १९३४, आणि १ जानेवारी २०२४ ला ते गेले, म्हणजे अगदी परवापरवापर्यंत होते. त्या काळी शास्त्राच्या लोकांसाठी फोर्ट्रान आणि व्यापाऱ्यांसाठी कोबोल अशा भाषा होत्या. वर्गात मुलांना नीट विचार करायला शिकवावे अशी भाषा कुठे आहे, हा विर्थ यांचा प्रश्न होता. म्हणून त्यांनी शिकवण्यासाठीच एक भाषा बांधली आणि ब्लेझ पास्कलचे नाव तिला दिले. हा पास्कल सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती. वडील रुआँला करवसुलीच्या कामावर, रात्र रात्र बेरजा करत बसायचे. मुलाने १६४२ मध्ये, वय वर्षे एकोणीस असताना, बेरजा करणारे दातेरी चाकांचे यंत्र करायला घेतले.

संगणकाला माणसाची भाषा कळत नाही, म्हणून मध्ये एक भाषांतरकार लागतो. त्याला कंपायलर म्हणतात. पास्कलचा पहिला कंपायलर फोर्ट्रानमध्ये लिहायला घेतला, तो फसला. विर्थ यांच्या डोक्यातल्या रचना फोर्ट्रानमध्ये बसेनात. मग त्यांनी ठरवले की कंपायलर पास्कलमध्येच लिहायचा. पण पास्कल समजणारे यंत्रच जगात नाही, तर तो चालवणार कोण? कोंबडी आधी की अंडे! यावर उपाय फार साधा केला. रुडी शिल्ड नावाच्या सहकाऱ्याला दोन आठवडे घरी बसवले आणि त्याने तो सगळा कंपायलर हाताने, ओळीमागून ओळ, यंत्राच्या जवळच्या एका खालच्या पातळीच्या भाषेत उतरवून काढला. तेवढे एकदा झाले, की पुढे कंपायलर स्वतःच स्वतःचे भाषांतर करू लागला. १९७० च्या मध्याला तो चालला. एका माणसाने घरी बसून केलेल्या या दोन आठवड्यांच्या नकलेवर ती भाषा उभी आहे, हे मला अजूनही गंमतीचे वाटते.

पुढची हकिकत भरभर सांगते. १९८३ मध्ये बोर्लंड कंपनीने टर्बो पास्कल काढले. कंपायलर लिहिला होता अँडर्स हाइल्सबर्ग या डॅनिश तरुणाने, कंपनीचा मालक फिलिप कान. किंमत पन्नास डॉलरला पाच सेंट कमी, तेव्हाच्या मानाने कवडीमोल. अमेरिकेत शाळकरी मुलांच्या एपी परीक्षेची भाषा १९८४ पासून १९९८ पर्यंत पास्कलच होती. आपल्याकडेही अनेक इंजिनिअरिंग कॉलेजांत ती आली; ड्रोमी यांचे आपल्याकडच्या कॉलेजांत वर्षानुवर्षे लावलेले पुस्तक पास्कलमधलेच. (आपल्याकडच्या शाळांत संगणक यायला १९८४-८५ उजाडले. केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पात निवडक शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले. तालुक्याच्या गावाला मात्र ती पेपरातली बातमीच होती.) मग सी आली, सी++ आली, जावा आली आणि पास्कल अभ्यासक्रमांतून हळूहळू गेली. बोर्लंडनेही डॉससाठी नवे पास्कल काढणे थांबवले.

तेव्हा, १९९३ मध्ये, फ्लोरियान क्लेम्पफल नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने स्वतःच कंपायलर लिहायला घेतला. आधी टर्बो पास्कलमध्ये लिहिला, आणि १९९५ मध्ये तो स्वतःचे भाषांतर स्वतः करू लागला, अगदी झुरिकसारखाच. हेच फ्री पास्कल. फुकट, उघडे, जगभरच्या स्वयंसेवकांनी चालवलेले. विंडोज, लिनक्स तर झालेच, पण पुढे त्यांनी त्याला अर्डुइनोवरच्या त्या एव्हीआर जातीच्या चिपेची भाषाही शिकवली. (बेलग्रेडच्या मिक्रोइलेक्ट्रोनिकाचे 'मिक्रोपास्कल'ही याच कामाचे आहे. मी फ्री पास्कल घेतले, नाव वाचूनच.)

आता प्रत्यक्ष. बोर्डाला ना पडदा ना कळफलक, त्यामुळे कार्यक्रम लिहायचा संगणकावर, भाषांतर करायचे संगणकावर, पण भाषांतर मात्र दुसऱ्याच चिपेसाठी. याला क्रॉस कंपायलर म्हणतात. तो नेहमीच्या फ्री पास्कलहून वेगळा उतरवून घ्यावा लागतो, आणि सोबत एव्हीआरचे असेंब्लर व लिंकर हेही. हे सगळे बसवायला पुतण्याने फोनवर दोन संध्याकाळ घालवल्या. कंपायलरला तीन गोष्टी सांगायच्या: चिपेची जात एव्हीआर, तिच्यावर विंडोजसारखे कुठलेही राज्य नाही, आणि नेमकी चिप एटमेगा ३२८पी. मग तो एक हेक्स फाईल देतो. मी ती नोटपॅडमध्ये उघडून पाहिली. प्रत्येक ओळ विसर्गासारख्या दोन टिंबांनी सुरू होते आणि पुढे नुसते आकडे आणि अक्षरे. ती एव्हीआरड्यूड नावाच्या कार्यक्रमाने यूएसबीच्या वायरीतून बोर्डात ढकलायची. बोर्डावरचे दोन दिवे क्षणभर थरथरतात आणि काम झाले.

पण लिहायचे काय? इथे मजा आहे. चिपेच्या स्मरणात एकामागोमाग घरे आहेत, त्यांना नंबर आहेत. ३६ नंबरच्या घरात जो आकडा लिहाल त्यावरून ठरते की कुठले पाय बोलणार आणि कुठले ऐकणार. ३७ नंबरच्या घरातल्या आकड्यावरून ठरते की बोलणाऱ्या पायांपैकी कुणावर वीज द्यायची. फ्री पास्कलमध्ये 'अॅब्सोल्यूट' असा एक शब्द आहे, त्याने कुठल्याही नंबरच्या घराला नाव देता येते. छत्तीसचे नाव डीडीआरबी, सदतीसचे पोर्टबी. ही नावे कंपायलरबरोबर तयारच येतात, पण मी मुद्दाम स्वतः लिहून पाहिली. मग कार्यक्रम एवढाच: छत्तीसमध्ये ३२ लिही. पुढे सतत, सदतीसमधला तो एक बिट उलटा कर आणि थोडा वेळ आकडे मोजत थांब. थांबायला हवेच, कारण चिपेचे घड्याळ सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोके देते. न थांबता लुकलुकवले तर डोळ्याला दिवा नुसता मंद लागलेला दिसतो.

आणि भाषा खरोखर वाचता येते. जी नावे वापरणार ती आधी जाहीर करायची, नाटकाच्या पुस्तकात पात्रांची यादी असते तशी. 'बिगिन'ने सुरुवात, 'एन्ड'ने शेवट. दोन विधानांच्या मध्ये अर्धविराम आणि अगदी शेवटच्या 'एन्ड'नंतर पूर्णविराम. तो दिला नाही तर कंपायलर कार्यक्रम घेत नाही! मला तर तो विरामचिन्हांचे गुण कापणारा जुना परीक्षकच वाटला. शिवाय 'हो' आणि 'आहे' यांत ही भाषा गल्लत करू देत नाही. 'क बरोबर पाच हो' अशी आज्ञा असेल तर चिन्ह वेगळे (दोन टिंबे आणि बरोबर) आणि 'क पाच आहे का?' हा प्रश्न असेल तर साधे बरोबर. सी घराण्यात एकेरी बरोबर म्हणजे आज्ञा आणि दुहेरी म्हणजे प्रश्न, आणि प्रश्नाच्या जागी चुकून आज्ञा लिहिली तरी बहुतेक वेळा कार्यक्रम चालू राहतो, भलतेच करत. आज्ञार्थ आणि प्रश्नार्थक वाक्य सातवीत शिकवलेल्या बाईला यातले काय पटणार ते तुम्हीच ओळखा.

३२ च का, हे नातवाला समजावताना मला माझाच विषय कामी आला. त्या घरात आठ जागा असतात आणि प्रत्येक जागी शून्य किंवा एक. मी त्याला म्हटले, लघु आणि गुरू समज. आठ अक्षरांचा अनुष्टुभाचा चरण घे. दिव्याचा पाय डावीकडून तिसऱ्या जागी आहे. तेवढा गुरू, बाकी सगळे लघु. उजवीकडून प्रत्येक जागेची किंमत एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस अशी दुप्पट होत जाते. झाले, बत्तीस. मग तो आपणहून म्हणाला, "म्हणजे सगळे मिळून दोनशे छप्पन्न प्रकार." मी कागदावर लिहून दिले: एकही गुरू नाही असा १, एक गुरू असलेले ८, दोन असलेले २८, मग ५६, ७०, ५६, २८, ८, १. बेरीज २५६. ही ओळ पास्कलच्या त्रिकोणातली. पास्कलने त्यावर १६५४ मध्ये ग्रंथ लिहिला, तो छापला गेला १६६५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. आपल्याकडे दहाव्या शतकात हलायुधाने पिंगलाच्या छंदःसूत्रावर टीका लिहिताना हाच त्रिकोण मेरुप्रस्तार म्हणून मांडला, चीनमध्ये तेराव्या शतकात यांग हुईने दिला. 'आमच्याकडे आधीच होते' म्हणून छाती फुगवायला मी हे सांगत नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) हाच प्रश्न मुलांना घातलेला आहे: गायत्रीच्या चरणात एक गुरू, दोन गुरू, तीन गुरू असे किती प्रकार? सहा अक्षरांचा चरण, म्हणून ६४. आणि चोवीस अक्षरांचे मिळून १,६७,७७,२१६. संगणकाच्या पडद्यावर इतकेच रंग असतात असे नातवाने सांगितले. तेही चोवीस जागांचेच गणित.

आणि आता चाळीसगावकरांसाठी. पाटणादेवीला आपण सगळे जातो, पावसाळ्यात धबधबा बघायला तर हमखास. तिथल्या शिलालेखाकडे किती जण बघतात? एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. त्याने आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून पाटणला मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने १२०७ मध्ये त्याला दान दिले. भास्कराचार्य मूळचे कुठले यावर बरेच वाद आहेत, त्यात शिरत नाही. मला त्या लेखाचा शेवट आवडतो. तिथे संस्कृत सुटते आणि बोलीतली मराठी येते, कारण सामान्य लोकांना कळायला हवे: बाजारातल्या विक्रीवर इतका वाटा, आणि घाण्यामागे पळीभर तेल मठाला.

ग्रंथ उत्तम होता म्हणून आपोआप टिकेल असे त्या नातवाने धरले नाही. शिकवणारा हवा, त्याच्या जेवणाची आणि दिव्याच्या तेलाची सोय हवी, म्हणून प्रत्येक तेल्याकडून पळी पळी. फ्री पास्कलची मंडळी आपापली नोकरी सांभाळून कुणी एव्हीआरचा भाग, कुणी रास्पबेरी पाय पिकोचा भाग असे लिहून देतात तेव्हा मला ते पळीभर तेल आठवते. तीसपेक्षा जास्त वर्षे झाली त्याला.

आता दुसरी बाजू. पास्कलवर टीका काही कमी झाली नाही. सीच्या पुस्तकाचे एक लेखक ब्रायन कर्निघन यांनी १९८१ मध्ये 'पास्कल माझी आवडती भाषा का नाही' असा निबंधच लिहिला. मूळ पास्कलमध्ये यादीची लांबी आधीच बांधून टाकावी लागे, यंत्राच्या घरांना थेट हात लावता येत नसे. ते खरेच होते. 'अॅब्सोल्यूट' वगैरे सोयी नंतरच्या लोकांनी घातल्या. आणि आजची अडचण वेगळी. नातवाला तापमान मोजायचे असेल तर अर्डुइनोच्या भाषेत तयार साहित्य मिळते, दहा मिनिटांत काम. पास्कलमध्ये तसे साहित्य फार थोडे. चिपेची इंग्रजी माहितीपुस्तिका उघडून घरांचे नंबर बघत बसायचे, आणि ती पुस्तिका काही शे पानांची. लॅबच्या स्पर्धेला आठ दिवस असतील तर पास्कल घेऊ नये, असे मी स्वतःच त्याला सांगितले. नोकरीसाठीही सीच लागेल, हे पुतण्याने बजावले आहे.

तरी सुट्टी होती, घाई नव्हती. दिव्यानंतर आम्ही सेकंद मोजणारा कार्यक्रम केला. पास्कलमध्ये नाव जाहीर करतानाच सांगता येते की हा आकडा शून्य ते एकोणसाठच असेल. नातवाने तसे लिहिले आणि मग खोडी काढायला त्यात थेट साठ भरायला गेला. कंपायलरने तिथेच अडवले, ओळीचा नंबर सांगून. "आजी, याला कसं कळलं?" अरे, तूच तर सांगितलेस त्याला, वरच्या ओळीत. मग त्याने वरची ओळ वाचली, तिच्या वरची वाचली. एकेक करत सगळा कार्यक्रम मला वाचून दाखवला, मधे एकदाही 'तशीच असते' न म्हणता. शेवटी मला विचारले की छत्तीस-सदतीस झाले, अडतीस नंबरच्या घरात कोण राहते? मला माहीत नव्हते. पुस्तिका उघडली. तिथे पुढच्या पायांची तशीच तीन घरे सुरू होतात: अडतीस ऐकायचे, एकोणचाळीस दिशेचे, चाळीस विजेचे. म्हणजे पस्तीसमध्येही कुणीतरी ऐकणारे असणार, हे त्याने मी सांगायच्या आत ओळखले.

बोर्ड आता शाळेत परत गेला आहे. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते खाली स्वयंपाकघरात दाखवणारे काहीतरी दिवाळीत करायचे ठरले आहे. त्यासाठी ऐकणारे घर लागेल, म्हणजे पस्तीस. वायर आत्तापासूनच आणून ठेवली आहे.